आधी पगार, मग परिवार

अमेरिकेचा नागरिक झालेल्या भावाने पुण्यातल्या धाकट्या बहिणीसाठी आज अर्ज केला, तर तिचा नंबर लागायला साधारण दोन दशकं जातात. आज प्राथमिक शाळेत जाणारी तिची मुलं तोवर नोकरीला लागलेली असतात आणि ज्या भावाच्या आधाराने जायचं, तो निवृत्त होऊन फ्लोरिडात घर शोधत असतो. त्याच भावाने बायकोसाठी अर्ज केला असता, तर दीड-दोन वर्षांत काम झालं असतं. तोच जर्मनीत ब्लू कार्डावर, म्हणजे चांगल्या पगाराच्या कुशल नोकरीच्या परवान्यावर असता, तर बायको त्याच्या मागोमाग पोचली असती, तिला जर्मनचं अक्षरही येत नसलं तरी.

परदेशातल्या आपल्या माणसांकडे कायमचं राहायला जाण्याच्या व्हिसाबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोललं जातं, पण ते फॉर्म, फी आणि मुलाखतीबद्दल. कोणाला नेता येईल हे मुळात कशाच्या जोरावर ठरतं, हा प्रश्न बाजूलाच राहतो. गेल्या शतकाचा हिशेब पाहिला तर उत्तर फारसं भावनिक नाही. ज्या माणसाची त्या देशाला गरज असते, त्याच्या कुटुंबाला दार उघडतं. जो सहज बदलून मिळतो, त्याने एकट्याने राबायचं आणि घरी पैसे पाठवायचे.

याची सुरुवात जुनी आहे. कॅनडाने १९०८ मध्ये नियम केला की, स्थलांतरिताने मायदेशातून वाटेत जहाज न बदलता थेट आलं पाहिजे. भारतातून तशी थेट सोयच नव्हती, आणि नियमाचा हेतू तोच होता. १९१४ मध्ये भारतीय प्रवाशांसह परत पाठवलेली ‘कोमागाता मारू’ बोट आपल्याला आठवते. पण त्याआधी पोचून लाकडाच्या गिरण्यांत काम करणाऱ्या पंजाबी पुरुषांनाही बायकामुलं आणता येत नव्हती, हे फारसं कोणी सांगत नाही. पहिल्या महायुद्धात भारतीय सैन्य साम्राज्यासाठी लढलं, तेव्हा कुठे १९१८ च्या इंपीरियल वॉर कॉन्फरन्समध्ये बायको आणि अल्पवयीन मुलं नेण्याची मुभा तत्त्वतः मान्य झाली. परवानगी मिळाली ती उपयोगी पडल्यावर.

अमेरिकेने १९४६ मध्ये भारतीयांसाठी वर्षाला शंभर जागांचा कोटा दिला, शंभरच. दार खऱ्या अर्थाने उघडलं ते १९६५ च्या कायद्याने. या कायद्यात नातेवाइकांना झुकतं माप देण्यामागे काही प्रतिनिधींचा हिशेब असा होता की, देशात गोरेच बहुसंख्य आहेत, तेव्हा नात्यागोत्याने येणारेही गोरेच असतील. हिशेब साफ चुकला. आधी डॉक्टर-इंजिनिअर गेले, मग त्यांनी बायको, भाऊ, बहीण, मेहुणा असं करत घरंच्या घरं नेली. ब्रिटनची कहाणी जास्त कडू आहे. १९७९ मध्ये लग्नासाठी आलेल्या एका भारतीय स्त्रीची हीथ्रो विमानतळावर कौमार्य चाचणी झाली, ती खरंच अविवाहित आहे का हे ठरवायला. ‘गार्डियन’ने ते छापल्यावर गदारोळ झाला आणि प्रकार थांबला. अर्जदार खोटं बोलतोय असं धरूनच सुरुवात करायची, ही खोड मात्र पुढेही टिकली.

आज मराठी घरात या विषयावर सगळ्यात जास्त बोलणं होतं ते अमेरिकेच्या रांगेवर. तिथे दोन वेगळ्या वाटा आहेत. नागरिकाचा नवरा किंवा बायको, २१ वर्षांखालची अविवाहित मुलं आणि आई-वडील यांना संख्येची मर्यादा नाही. बाकी सगळे प्रेफरन्सच्या रांगेत: नागरिकांची मोठी मुलं, लग्न झालेली मुलं, भावंडं, आणि ग्रीन कार्डधारकांचे जोडीदार व मुलं. भावंडांसाठी जगभर मिळून वर्षाला ६५ हजार जागा, आणि कोणत्याही एका देशाला एकूण जागांच्या सात टक्क्यांहून जास्त नाहीत. लक्झेंबर्ग आणि भारत या मापात सारखे. त्यामुळे न्यू जर्सीतल्या घरात दर महिन्याला, रांग कोणत्या तारखेच्या अर्जापर्यंत आली हे सांगणारं व्हिसा बुलेटिन उघडलं जातं आणि ‘डेट किती सरकली?’ हा प्रश्न पावसाच्या चौकशीइतक्या सहज विचारला जातो. कधी ती तारीख पुढे जाण्याऐवजी मागेही येते. रांगेत असताना मुलं एकवीस ओलांडतात, त्यावर २००२ च्या कायद्याने थोडा उतारा दिला आहे: अर्ज मंजूर करायला सरकारने जितका वेळ घेतला, तितका मुलाच्या वयातून वजा होतो. उतारा असला तरी तो सगळ्यांना पुरत नाही.

एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्यांची बायकामुलं एच-फोर या डिपेंडंट व्हिसावर लगेच जातात, म्हणून ही वाट सोपी वाटते. पण ‘डिपेंडंटवर गेली’ या दोन शब्दांमागे पुण्या-नाशिकच्या किती इंजिनिअर, डॉक्टर, सीए मुली वर्षानुवर्षं घरी बसल्या याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. २०१५ मध्ये नियम बदलला आणि नवऱ्याच्या ग्रीन कार्डाचा एक टप्पा मंजूर झाला असेल तर तिला कामाचा परवाना मिळू लागला. म्हणजे इथेही तिचा हक्क त्याच्या फाइलवर टांगलेला. ग्रीन कार्डाची रांग भारतीयांसाठी इतकी लांब आहे की, तीन वर्षांची असताना गेलेली मुलगी एकविसाव्या वर्षी डिपेंडंट राहत नाही आणि ज्या देशात वाढली तिथे तिला स्टुडंट व्हिसा शोधावा लागतो.

पगाराचा हिशेब सगळ्यात उघडपणे मांडतो तो ब्रिटन. २०१२ मध्ये त्यांनी ठरवलं की, बायको किंवा नवरा आणायचा तर तिथल्या माणसाची वार्षिक कमाई किमान १८,६०० पौंड हवी. एप्रिल २०२४ मध्ये ती रक्कम २९,००० पौंड केली. इथे पुण्यात बसलेल्या जोडीदाराचा पगार कितीही असो, तो धरत नाहीत. बचत दाखवून अट पुरी करायची तर ८८,५०० पौंड लागतात. २०२४ च्या मार्चपासून वृद्धांची आणि आजाऱ्यांची देखभाल करायला नव्याने येणाऱ्या केअर वर्करना कुटुंब आणायला बंदी झाली. जी बाई दुसऱ्याच्या म्हाताऱ्या आईला आंघोळ घालते, तिने आपलं मूल केरळात किंवा कोल्हापुरात ठेवून यायचं. यावर वेगळं भाष्य करायची गरज नाही.

जर्मनी नियमात काटेकोर, पण आजकाल माणसांसाठी हपापलेला. २००७ पासून जोडीदाराला येण्यापूर्वी ए-वन पातळीचं जर्मन यावं लागतं. जबरदस्तीची लग्नं रोखायची, असं कारण तेव्हा दिलं गेलं. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनात या परीक्षेला बसणाऱ्यांत नवविवाहिता बऱ्याच असतात: स्वतःची ओळख करून द्यायची, फॉर्म भरायचा, चार ओळींचा निरोप लिहायचा. पण ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला ही अट नाही. ज्या कारणासाठी अट आली ते कारण नवऱ्याच्या पगाराबरोबर नाहीसं कसं होतं, हे कोणी विचारत नाही. मार्च २०२४ पासून तर, त्यानंतर पहिला परवाना मिळालेल्या कुशल कामगारांना आई-वडीलही आणता येतात, जोडीदार तिथेच राहत असेल तर सासू-सासरेही.  अर्थात पोट भरण्याची आणि आरोग्यविम्याची व्यवस्था दाखवावी लागते, आणि सत्तरीतल्या माणसाला तिथला विमा मिळवणं हीच मोठी अडचण ठरते.

आखातात सगळं रोखठोक. दुबईत कुटुंब न्यायचं तर महिन्याला किमान चार हजार दिरहम पगार हवा, किंवा तीन हजार आणि राहायला घर. रत्नागिरी-चिपळूणकडच्या ज्या माणसाचा पगार त्याखाली, त्याचा संसार वर्षा-दोन वर्षांच्या सुट्टीवर चालतो. कोकणातल्या कित्येक घरांत मुलांनी वडिलांना पाहुण्यासारखं ओळखलं आहे. आखाताने निदान या कामगारांना कायमचं राहण्याचं आश्वासन कधी दिलं नाही, एवढा प्रामाणिकपणा मान्य करायला हवा.

गोव्याची गोष्टच निराळी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वावर हक्क सांगता येतो. आजोबांचा जन्म लिस्बनच्या नोंदवहीत चढवायचा, मग त्यांचं लग्न, मग पुढच्या पिढीचा जन्म, अशी शिडी. पोर्तुगीज काळापासून नोंदणीची शिस्त असल्याने जुने दाखले सापडतात, ही गोंयकारांची जमेची बाजू. हा पासपोर्ट घेऊन हजारो लोक लंडनमधल्या साउथॉलला आणि स्विंडनला गेले आणि युरोपीय नागरिक म्हणून त्यांचं कुटुंब विनासायास मागे गेलं. ब्रेक्झिटने ती वाट अर्धी बुजवली. ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचं लग्न असेल तर जुने हक्क चालतात, नंतर लग्न केलेल्या स्विंडनच्या गोंयकाराला बायकोसाठी २९,००० पौंडांचाच उंबरठा. इकडे भारतीय नागरिकत्व गेल्याने, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांसाठीच्या ओसीआय कार्डासाठी वेगळी खटपट करावी लागते ती निराळीच.

आता आई-वडील. या साऱ्या विषयात आपलं खरं दुखणं हेच आहे, आणि कायद्यांचा सगळ्यात मोठा ढोंगीपणाही इथेच दिसतो.

ब्रिटनमध्ये २०१२ च्या नियमाप्रमाणे वृद्ध आई-वडिलांना न्यायचं असेल तर दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात. त्यांना रोजच्या कामासाठी दुसऱ्याची मदत लागते ही पहिली. मुलाने पैसे पाठवले तरी ती मदत त्यांच्या देशात मिळणं शक्य नाही, ही दुसरी. पुण्यात पौंडांच्या भावात बाई मिळत नाही हे कोण सिद्ध करणार? म्हणजे मुलगा सांभाळू शकेल इतका सधन असला की आईला नेता येत नाही, आणि नसला तरी नेता येत नाही. ऑस्ट्रेलियाने गणित घातलं आहे: निम्मी मुलं तरी ऑस्ट्रेलियात हवीत, किंवा इतर कोणत्याही एका देशापेक्षा तिथे जास्त. एक सिडनीत आणि एक पुण्यात, तर चालेल. एक सिडनीत आणि दोघी साताऱ्यात, तर नाही, मग त्या दोघी आईला विचारत असोत वा नसोत. त्यातही साध्या व्हिसाची रांग तिथल्या सरकारच्याच अंदाजाने तीस वर्षांच्या आसपास. पासष्टीच्या आईने पंचाण्णवाव्या वर्षी विमानात बसावं, अशी ही योजना. रांग कमी हवी तर प्रत्येकी चाळीस हजारांहून जास्त ऑस्ट्रेलियन डॉलर भरायचे, आणि हल्ली तिथेही वर्षानुवर्षं थांबावं लागतं. कॅनडाने कायमच्या व्हिसाला सोडत ठेवली. २०२० मध्ये ज्यांनी नावं नोंदवली, त्याच यादीतून पुढची पाच वर्षं चिठ्ठ्या निघत राहिल्या; नंतर गेलेल्यांना नाव घालायलाही मिळालं नाही.

अमेरिका या बाबतीत कागदावर उदार. पण ग्रीन कार्डवाल्याला आई-वडिलांसाठी अर्ज करता येत नाही, नागरिकच व्हावं लागतं. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही, तेव्हा आई-वडिलांना जवळ आणण्यासाठी मुलगा त्यांच्या देशाचा नागरिक राहत नाही. आणि ग्रीन कार्ड मिळालेल्या आई-वडिलांचं पुढे काय होतं? थंडीचे चार महिने तिथे, गणपतीला इथे, जमीन आणि फ्लॅट इथे, मैत्रिणी आणि भिशी इथे. सलग वर्षभर बाहेर राहिले की कार्ड धोक्यात. पासष्टीपुढच्यांना मेडिकेअर हा सरकारी आरोग्यविमा घेण्यापूर्वी तिथे पाच वर्षं सलग राहिलेलं असावं लागतं, तोवर खासगी विम्याचे हप्ते मुलाच्या पगारातून जातात.

माझं मत असं की, बहुतेक मराठी आई-वडिलांना कायमचं जायचंच नसतं. सुनेचं बाळंतपण, नातवाचं पहिलं वर्ष, मुलाचं ऑपरेशन, दोघांपैकी एक गेल्यावरचे काही महिने, अशा वेळी अडवणूक न होता जाता-येता यावं एवढीच त्यांची मागणी. कायदे मात्र दोनच प्रश्न विचारतात: राहणार, की फिरायला आलात? मधलं उत्तर ओळखलं ते कॅनडाच्या सुपर व्हिसाने. २०११ च्या अखेरीस सुरू झालेला हा व्हिसा दहा वर्षांपर्यंतचा असू शकतो आणि २०२२ पासून एका खेपेत पाच वर्षांपर्यंत राहता येतं. मुलाचं ठराविक उत्पन्न आणि एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा, या मुख्य अटी. इथेही पगार आहेच, पण ज्यांना आई-वडिलांची सोय खरोखर करायची आहे अशा देशांनी उचलावी अशी ही एकच कल्पना मला दिसते.

कागदांचा मामला कंटाळवाणा, पण त्यात आपले लोक सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून जरा तपशिलात जातो. सातारा किंवा लातूरकडच्या पंचाहत्तरीच्या आईची फाइल घ्या. पासपोर्टावर जन्मतारीख १ जून, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच टाकली. त्या पिढीत अर्ध्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला असायचा. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा, अंमल १९७० पासून. त्याआधीची नोंद असलीच तर गावच्या कोतवाल बुकात, आणि तिथे पुष्कळदा मुलाचं नावच नसतं, अमक्याला मुलगी झाली एवढंच. मग ग्रामपंचायतीकडून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला आणि जन्म माहीत असलेल्या दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. पंचाहत्तरीच्या बाईच्या जन्माचे साक्षीदार शोधायचे कुठे, हे त्या अमेरिकन फॉर्मने सांगितलेलं नाही.

पुढे लग्न. माहेरची शकुंतला, तांदळात नाव लिहून सासरची सुनीता. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव शकुंतला, रेशन कार्डावर सुनीता, पासपोर्टावर सुनीता आणि पुढे नवऱ्याचं नाव. परदेशी अधिकाऱ्यापुढे या दोन वेगळ्या बाया आहेत. राजपत्रात नावबदलाची जाहिरात नसली तर ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ अशा प्रतिज्ञापत्राने काम भागवावं लागतं आणि ते दर वेळी भागतंच असं नाही. लग्नाची नोंदणी महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने होते, ग्रामसेवकाकडेही होते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती सर्वांसाठी अनिवार्य करायला सांगितलं. तरी व्हिसाचं निघाल्यावर, लग्नाला दहा वर्षं झाल्यावर, भटजींच्या सहीसाठी पळापळ करणारी जोडपी अजून दिसतात. भटजी एव्हाना वारलेले असतात.

नव्या जोडप्याची अडचण वेगळी. मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर येतो, दोन-चार स्थळं बघतो, कांदेपोहे, साखरपुडा, लग्न आणि परत. अधिकाऱ्याला हवा असतो ओळखीचा इतिहास: फोन, मेसेज, भेटी. आपण पुढे करतो हजार फोटोंचा अल्बम, ज्यात नवरा-नवरी सोडून सगळे नातेवाईक ओळखीचे वाटतात. अमेरिकेत लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत गेलेल्या जोडीदाराला दोन वर्षांचंच सशर्त कार्ड मिळतं. फसवी लग्नं रोखायला १९८६ मध्ये हा नियम आला. पण ती शर्त काढायला साधारणतः दोघांची सही लागते, आणि वाईट नवऱ्याच्या हातात हे हत्यार होतं. छळ झालेल्या पत्नीला स्वतंत्रपणे अर्ज करता येतो, ही सोय आहे; ती माहीत असणाऱ्या मुली कमी. आणि नवरा निघून गेला, ‘व्हिसा झाला की बोलावतो’ म्हणाला आणि बोलावणंच आलं नाही, अशाही पुष्कळ आहेत. राष्ट्रीय महिला आयोगाने त्यांच्यासाठी २००९ पासून एनआरआय कक्ष चालवला आहे.

एजंटांबद्दल थोडक्यात. ते फॉर्म भरून देतात, रांग पुढे सरकवू शकत नाहीत. खोटा दाखला पकडला गेला तर अमेरिकेत जन्मभराची बंदी येऊ शकते, ब्रिटनमध्ये दहा वर्षांची, कॅनडात पाच. ती बंदी एजंटावर नाही, अर्जदारावर येते.

महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. जाणाऱ्यांना जर्मन शिकवण्याची भाषा त्यात आहे, पण त्यांच्या बायका, मुलं आणि आई-वडील यांचा विचार अशा करारांत सहसा नंतरच्या पानावर राहतो. माणसं मागणारा देश अडलेला असतो, तेव्हाच अटी घालता येतात. तेव्हा सरकारने पुढच्या वाटाघाटीत दोन गोष्टी मागाव्यात: जाणाऱ्याच्या जोडीदारालाही सरकारी खर्चाने भाषेचा वर्ग, आणि आई-वडिलांसाठी कॅनडाच्या धर्तीवर जा-ये करता येईल असा व्हिसा. शिवाय इकडे तालुक्याच्या गावी जुन्या नावांच्या व तारखांच्या दुरुस्तीसाठी स्वतः एकच खिडकी उघडावी. आणि ज्यांच्या घरी कोणी परदेशी निघालं आहे त्यांनी व्हिसाची वाट न पाहता या महिन्यातच लग्नाची नोंदणी करावी, सगळ्या कागदांवर नावाचं इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टाप्रमाणे करून घ्यावं, आणि आईच्या माहेरच्या नावाचा एक तरी कागद शोधून ठेवावा.